आगाऊ हाड

(द्वितीय वर्ष कला)

तुमच्यापैकी बहुतेकांनी आमचे गाव पाहिले आहे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले की एक चढण लागते. चढणीच्या वळणावर गाड्या थांबतात, माणसे उतरतात, खाली दोन बाजूंना दोन किनारे आणि मध्ये समुद्रात घुसलेले डोंगराचे नाक पाहून "वा!" म्हणतात, फोटो काढतात आणि पुढे देवाला जातात. ते आरे-वारे. गेल्या वर्षी आपली एक दिवसाची सहल जयगडला गेली तेव्हा आपणही तिथे थांबलो होतो. पुढे उतारावर, सुरूच्या बनाजवळ, सगळे शहाळी प्यायला उतरले. मी मात्र गाडीतच बसून राहिलो. सरांनी विचारले, "काय रे, बरं नाही का?" मी म्हणालो, "डोकं दुखतंय सर."

डोके दुखत नव्हते. शहाळी विकणारे माझे वडील होते.

परत गाडी सुरू झाल्यावर शेजारी बसलेला मित्र मला म्हणाला, "काय आळशी माणूस आहे रे तो! स्टुलावर एक पाय पसरून बसलाय, जागचा उठतसुद्धा नाही. शहाळं आपणच उचलून त्याच्या हातात द्यायचं, पैसेही आपणच डब्यात टाकायचे." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्याला तेव्हा उत्तर द्यायला हवे होते. पण तेच शब्द, त्याहूनही वाईट, मी स्वतः एकदा त्यांना बोललो होतो, म्हणून जीभ उचलली नाही. हा लेख त्या मित्रासाठी आहे. तो वार्षिकांक वाचतो हे मला ठाऊक आहे. निदान फोटो तरी पाहतो.

माझे बाबा पाडेली होते. घाटावरून आलेल्या वाचकांसाठी सांगतो, पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. कमरेला आकडी, आकडीत कोयता, पायांत दोरीचा फास. खोडाला मिठी मारायची, गुडघे बेडकासारखे बाहेर काढून दोन्ही पाय पोटाशी ओढायचे, फास खोडाला घट्ट बसला की ताठ व्हायचे आणि पुन्हा पाय पोटाशी. खालून बघणाऱ्याला वाटते माणूस हातांनी चढतो. हात नुसते धरतात. चढतात ते खुबे. मलाही हे फार उशिरा कळले. बाबा दिवसाला पंचवीस-तीस माड करीत. झाडामागे पैसे मिळत आणि वर घरी न्यायला नारळ. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेती' असे लिहीत असे. एकदा बाबांनी ते पाहिले आणि म्हणाले, "शेती कुठं हाय रे आपली? बघून ये आणि मला पण सांग." मग स्वतःच हसले. मी मात्र पुढच्या वर्षीही 'शेती'च लिहिले.

एप्रिल २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात त्यांना ताप आला. ते वर्ष आपल्याला विसरता येणार नाही. आपण सगळे परीक्षा न देता दहावी झालेल्या तुकडीचे. पाचव्या दिवशी बाबांना धाप लागू लागली म्हणून शहरात हलवले आणि आठव्या दिवशी व्हेंटिलेटरवर ठेवले. त्या यंत्रावर ते सव्वीस दिवस होते. आम्हांला आत सोडत नसत. एक भला वॉर्डबॉय होता, तो दोन-तीन दिवसांनी आपल्या मोबाईलवरून दाखवायचा. नळ्या, चादर, आणि चादरीखाली न हलणारे पाय. घरात बाबांचे पाय थांबलेले मी कधी पाहिले नव्हते. जेवतानासुद्धा त्यांचा अंगठा हलत असे. मेच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले. रात्रभर कौले उडत होती. सकाळी पाहिले तर शेजारच्या आगरातले चार माड आडवे. आई खळ्यात उभी राहून म्हणाली, "ह्यांच्या हातचे होते." एवढेच म्हणाली, पण मला त्याचा अर्थ नको तसा लागला आणि दिवसभर काही सुचले नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा घरी आले. दोघांनी खुर्चीवर बसवून उचलून आणले. अंगावर मांस म्हणून नव्हते, पाठीवर पडून पडून झालेली जखम होती, आवाज बसला होता. पण आले. त्या वर्षी आमच्या वाडीतून शहरात गेलेले सगळेच आले नाहीत, म्हणून आम्ही स्वतःला नशीबवान समजत होतो आणि तसे होतोही. दवाखान्यात असतानाच त्यांची उजवी जांघ सुजली होती, हात लावला तर गरम लागत असे. रक्ताची गुठळी असेल म्हणून सोनोग्राफी झाली, गुठळी निघाली नाही. जगण्या-मरण्याच्या गोष्टी इतक्या होत्या की जांघेकडे पाहायला कुणाला वेळ नव्हता. त्यात मी कुणाला दोष देत नाही.

हळूहळू बाकीचे अंग सुधारले. हातांत बळ आले, डावा पाय हलू लागला, काठी घेऊन उभे राहता येऊ लागले. उजवा पाय मात्र खुब्यात वाकेना. सरळ राही आणि किंचित बाहेर वळलेला. पाय वाकत नाही म्हणजे नेमके काय होते, हे अनुभव नसलेल्याला सांगणे कठीण आहे. साहेबी पद्धतीच्या घरात कदाचित चालून जाईल. आपले सगळे आयुष्य जमिनीवर. पाटावर बसून जेवता येईना, म्हणून बाबा पडवीच्या कठड्याला टेकून उभ्याने जेवत. परसाकडे बसता येईना, म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडले. पायाचे नख काढता येईना. खाली पडलेली विडीची काडी उचलता येईना. घरात गणपती आले तेव्हा सगळे आरतीनंतर जमिनीवर बसून भजन म्हणत होते आणि बाबा मागे भिंतीला टेकून उभे, एखादा पाहुणा चुकून दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे.

सगळे म्हणत, अशक्तपणा आहे. दवाखान्यातून येताना व्यायामाचा एक कागद दिला होता. गुडघा धरून छातीकडे न्यायचा, वीस आकडे मोजायचे, सोडायचा. कागदावर 'हळूहळू' असे लिहिले होते. मी शाळेत कागदावरचे सगळे नीट वाचणारा मुलगा, पण हा शब्द मी वाचला नाही. आजी रोज तेल चोळी. शिवाय गावातले एक जाणते गृहस्थ येत. निखळलेली हाडे बसवण्यात त्यांचा हात चांगला म्हणून आसपासच्या चार गावांत त्यांना मान. ते पाय धरून झटक्याने ओढत. बाबा ओरडले की म्हणत, "ओरडू दे. अडकलेलं सुटतंय." आम्हांला ते खरे वाटे. आजपर्यंत दुखल्याशिवाय काही सुटलेले आम्ही पाहिले नव्हते.

संध्याकाळचा व्यायाम माझ्याकडे होता. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसायचो, एक हात गुडघ्याखाली, एक टाचेला, आणि ढकलायचो. थोडे वाकले की पुढे दगड. स्नायू आखडला असेल तर शेवटी थोडा तरी लवतो, हे इथे लवत नव्हते. पण मला काय कळणार? मला वाटे, ते मुद्दाम पाय ताठ धरतात. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी पाऊस कोसळत होता, आई दिवसभर काजूच्या कारखान्यात उभी राहून आली होती, अकरावीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. मी सात मोजले आणि बाबांनी माझा हात झिडकारला. मी म्हणालो, "तुम्ही मुद्दाम करताय. तुम्हांला बरंच व्हायचं नाही. बसून खायची सवय लागलीय तुम्हांला."

ते काही बोलले नाहीत. आजीसुद्धा बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जवळ जाऊन बसलो तेव्हा बाबांनी खांद्यावरच्या पंचाचे टोक घडी करून दातांत धरले आणि मानेने खूण केली, कर. त्या दिवशी वीस पूर्ण झाले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मला वाटले, बोललो ते बरे झाले.

दहा-बारा दिवसांनी आईने हट्ट धरला म्हणून त्यांना रत्नागिरीत एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी पाय हळूच वाकवून पाहिला, लगेच सोडला आणि एक्स-रे काढायला सांगितले. फिल्म उजेडासमोर धरली तेव्हा मलासुद्धा कळले. डावीकडे खुब्याचा गोळा, वाटी, मांडीचे हाड, सगळे पुस्तकातल्या चित्रासारखे वेगवेगळे. उजवीकडे कमरेच्या हाडापासून मांडीच्या हाडापर्यंत पांढरा ढग पसरलेला. खाडीतल्या खडकाला कालवे धरतात ना, एकावर एक, वेडीवाकडी, तशी ती पांढरी वाढ. मी इतके दिवस ज्याच्यावर जोर करीत होतो ते हाड होते.

डॉक्टरांनी नाव सांगितले, मी वहीवर लिहून घेतले: हेटेरोटोपिक ऑसिफिकेशन. मराठीत सांगायचे तर, हाड जिथे नसावे तिथे हाड होणे. माणूस फार दिवस बेशुद्ध किंवा निपचित पडून राहिला, मेंदूला वा मणक्याला मोठी इजा झाली, मोठे भाजले, खुब्याची शस्त्रक्रिया झाली, तर काहींच्या बाबतीत सांध्याभोवतीच्या मांसात शरीर हाड घडवू लागते. नुसता चुन्याचा थर नव्हे. आधी कूर्चा, मग खरेखुरे हाड, आत मगजासकट. खुब्याला सर्वांत जास्त, मग कोपर, खांदा, गुडघा. सुरुवात पहिल्या काही आठवड्यांतच होते. सांध्याजवळ सूज, ऊब, दुखणे, आणि हालचाल दिवसेंदिवस कमी. त्या वेळी एक्स-रे काढला तर कित्येकदा काहीच दिसत नाही, म्हणून ते गुठळी किंवा संसर्ग समजले जाते. कोविडमध्ये दीर्घकाळ कृत्रिम श्वासावर राहिलेल्या काही रुग्णांत हेच सापडल्याचे २०२० पासून निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांनी लिहिले आहे. शरीर असे का करते, याचा उलगडा अजून शास्त्राला पुरता झालेला नाही. आजारात अंगभर पेटलेला दाह, मांसाला न पुरलेला प्राणवायू, न हलणारे सांधे, अशी कारणे एकत्र मांडली जातात.

"सांधा गेला का?" बाबांनी विचारले.

"नाही. सांधा आत चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "दार शाबूत आहे, बाहेरून कडी लागली आहे असं समजा."

हे बाबांना फार पटले. पुढे कुणी विचारले की ते हेच सांगत. डॉक्टर त्याला 'जादा हाड' म्हणाले होते, बाबा म्हणत, "जादा नव्हे, आगाऊ."

मी विचारले, "आम्ही जोर केल्यामुळे झालं का?" डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाले, "हे दवाखान्यातच सुरू झालं असणार. तुमच्यामुळे झालं असं नाही. पण जोर करायला नको होता. आता थांबवा." आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती इथे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या कॉलेजात कबड्डी खेळणारे पुष्कळ आहेत. कोपरावर पडून मार लागला की घरोघरी तेल लावून जोराने चोळतात, ओढतात. त्याने मार लागलेल्या मांसात असेच हाड धरण्याची भीती वाढते आणि चांगला हात कायमचा अर्धवट वाकलेला राहतो. हाडांच्या डॉक्टरांना आपल्या देशात हे इतके वेळा पाहावे लागते की ते विद्यार्थ्यांना पहिल्यापासून बजावतात, कोपराच्या दुखापतीला मालीश नको.

घरी आल्यावर आजीने बाबांची नाचणीची भाकरी बंद केली, तारली-मांदेलीही बंद, कारण त्यांत हाडाला लागणारे सत्त्व असते. पुढच्या खेपेला डॉक्टर हसले आणि म्हणाले, खाऊ द्या, खाण्याचा यात काही संबंध नाही. आजीला आनंद झाला. मालीश बंद झाल्याचे दुःख मात्र तिला शेवटपर्यंत राहिले.

माझ्याबाबतीत उलटे झाले. वहीवरचे नाव मी रात्री मोबाईलवर शोधू लागलो. अकरावीचे वय, इंग्रजी कच्चे, शब्दकोश उघडून एकेक ओळ. त्यात हॅरी ईस्टलॅक नावाच्या एका अमेरिकन माणसाची हकीकत सापडली. लहानपणापासून त्याच्या स्नायूंचे हाड होत गेले. १९७३ साली वयाची चाळिशी गाठण्याआधीच तो वारला. स्वतःचा सांगाडा त्याने अभ्यासासाठी देऊन ठेवला, तो फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. मी तो फोटो पाहिला आणि दिवा लावून बसून राहिलो. बाबांचे असेच होणार, आज खुबा, उद्या पाठ, मग जबडा. चार रात्री मी हे घरात कुणाला सांगितले नाही. पाचव्या दिवशी शाळेच्या नावाखाली एस.टी.ने रत्नागिरीत गेलो, डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावला आणि विचारले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "तो वेगळा रोग. जन्मतःच जनुकात दोष असतो, तो दोष २००६ साली सापडला. फार दुर्मीळ. तुझ्या वडिलांचं हाड आहे तिथेच थांबेल. आणि रात्री मोबाईल बघत जाऊ नकोस."

मी बघत राहिलोच. पण त्यातून एक गोष्ट हाती लागली ती माझ्या विषयाची. आपल्याला पहिल्या महायुद्धाची कारणे आणि परिणाम असतात. परिणामांत तह येतात, साम्राज्ये येतात, राष्ट्रसंघ येतो. १९१८ साली, युद्ध संपायच्या वर्षी, पॅरिसमध्ये ऑगस्टा देजेरिन-क्लुम्पके ही डॉक्टर बाई आणि तिचा सहकारी सेय्ये यांनी एक लेख लिहिला. गोळ्या लागून मणका तुटलेले, कमरेखाली लुळे पडलेले सैनिक त्यांच्यासमोर होते, आणि त्यांच्या खुब्या-गुडघ्यांभोवती नवे हाड वाढत होते. त्या हाडाचे पहिले सविस्तर वर्णन ते. म्हणजे लढाईतून जिवंत सुटलेल्या त्या शिपायांची आणि बाबांची जात एकच. मी हे बाबांना सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "त्यांना पेन्शन होती का रे?"

पुढचे सव्वा वर्ष वाट पाहण्यात गेले. डॉक्टरांचे म्हणणे, हाड अजून कच्चे आहे, आता काढले तर रक्तस्राव फार होईल आणि ते परत धरण्याची भीती जास्त. आता काही शल्यचिकित्सक इतके थांबत नाहीत असे मी वाचले आहे. आमचे डॉक्टर जुन्या रीतीचे, आणि बाबांची फुप्फुसे सावरायलाही वेळ हवाच होता. दर काही महिन्यांनी एक्स-रे आणि रक्तातल्या एका घटकाची तपासणी. हाड वाढत असेपर्यंत त्या घटकाचे प्रमाण चढलेले असते. मला ही वाट पाहणे असह्य होई. बाबांना नाही. आयुष्यभर त्यांनी खालून बोटाने वाजवून कुठला नारळ पिकला हे ओळखले होते. ते म्हणत, "शहाळं पाडून खोबरं मागशील तर कसं मिळंल? पिकू दे."

या काळात पैशांचे काय, हे लिहिण्यासारखे नाही आणि तुमच्यापैकी अनेकांना ते लिहिल्याशिवायही कळेल. घरामागची हापूसची दोन कलमे पाच वर्षांच्या खंडाने दिली. झाड आपल्या अंगणात, आंबा दुसऱ्याचा. मे महिन्यात त्याचा माणूस येऊन आमच्या समोर पेट्या भरायचा आणि जाताना दोन डागी आंबे आजीच्या हातावर ठेवायचा. आजी ते घ्यायची नाही.

एक्स-रेच्या फिल्म्स साठत गेल्या, आई त्या कपाटामागे उभ्या करून ठेवी. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मावळत्या सूर्याला ग्रहण लागले होते. वाडीतली सगळी पोरे वारेच्या किनाऱ्यावर जमली आणि कुणीतरी पळत येऊन बाबांची फिल्म मागून नेली. एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण पाहू नये, डोळ्यांना धोका असतो, हे आता मला ठाऊक आहे. तेव्हा कुणाला नव्हते. मीही पाहिले. खालून कुरतडलेला लाल सूर्य आणि त्याच्यापुढे बाबांचा खुबा. ती शस्त्रक्रियेपूर्वीची शेवटची फिल्म होती. पांढरा ढग आता ढग राहिला नव्हता, कडा रेघेसारख्या स्पष्ट झाल्या होत्या. बाबा काठी टेकून मागे उभे होते. म्हणाले, "पिकलं."

नोव्हेंबरात कोल्हापूरला नेले. आंबा घाटातून जाताना त्यांना बसता येईना म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर आडवे झोपवले होते आणि प्रत्येक वळणावर ते घसरत होते. शस्त्रक्रिया चार तास चालली. तिथून पायात जाणारी मोठी नस हाडाला अगदी लागून जाते, तिला सांभाळून तुकडे काढावे लागतात. दोन बाटल्या रक्त लागले. नंतर सर्जननी एका स्टीलच्या भांड्यात ते तुकडे दाखवले. तपासणीला पाठवण्यापूर्वी बाबांनीच सांगून ठेवले होते, मला बघायचंय. ते गुंगीत होते, म्हणून मी पाहिले. सगळे मिळून माझ्या मुठीएवढे. आतून जाळीदार, लालसर. सर्जन म्हणाले, "हाड उत्तम प्रतीचं आहे." ते गंमतीने म्हणाले असतील. मला मात्र ते ऐकून पहिल्यांदा रडू आले, आणि चांगलेच आले. ज्या अठ्ठावीस-तीस दिवसांत त्या माणसाकडे श्वास घ्यायलाही बळ नव्हते, त्या दिवसांत त्याच्या अंगाने इतके घट्ट, इतके नीट हाड घडवायला घेतले होते. आणि मी म्हणालो होतो, बसून खायची सवय लागलीय.

शुद्धीवर आल्यावर बाबांनी विचारले, "कसं होतं?" मी म्हणालो, "कालवासारखं." ते म्हणाले, "मग त्यात काय असणार? कालव फोडून आतलं खायचं असतं, बाहेरचं टाकायचं," आणि झोपले.

हाड परत धरू नये म्हणून सहा आठवडे इंडोमेथासिनच्या गोळ्या होत्या, पोट जळू नये म्हणून जोडीला दुसरी गोळी. दुसऱ्या दिवसापासून हलकी हालचाल. दीड वर्ष बंद राहिलेला सांधा एकदम मोकळा होत नाही, भोवतीचे स्नायू आखडून गेलेले असतात. आज त्यांचा पाय काटकोनाच्या थोडा अलीकडे वाकतो. म्हणजे खुर्चीवर बसता येते, एस.टी.त बसता येते, उंच स्टुलावर एक पाय लांब करून बसून शहाळे फोडता येते. मांडी घालता येत नाही. स्टुलावरून उठायचे तर टेबलाचा आधार घेऊन तीन हालचाली कराव्या लागतात, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ते शक्य नाही. मित्रा, म्हणून ते उठले नाहीत.

आणि माडावर चढता येत नाही. पायांऐवजी यंत्राने चढण्याची सोय आली आहे, पण त्या यंत्रालाही गुडघा वर घ्यावाच लागतो. बारावीनंतरच्या सुट्टीत मी एकदा बाबांचा फास पायांत घालून घरामागच्या ठेंगण्या माडावर चढायला गेलो. मनात होते, फॉर्म भरायचाच नाही, हेच करायचे. बाबा खाली उभे राहून सांगत होते, पाय ओढ, ताठ हो, खाली बघू नको. मी दीड पुरुष उंच गेलो आणि खाली पाहिले. मग खोडाला कवटाळून तसाच राहिलो, ना वर ना खाली. वाडीतल्या दुसऱ्या पाडेल्याला बोलवावे लागले. बाबा पोट धरून हसत होते. दोन वर्षांत ते तसे हसले नव्हते. संध्याकाळी म्हणाले, "तुझे खुबे चांगले हायत, पण माड तुला नको म्हणतोय. उद्या रत्नागिरीला जाऊन तो कागद भर." आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. त्या कागदावर 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना होता. मी 'पाडेली' लिहिले. खिडकीतल्या बाईंनी विचारले, "म्हणजे काय?" मी सांगितले. मागे रांग खोळंबली होती, तरी सगळे सांगितले.

आता शहाळी तोच दुसरा पाडेली आणून टाकतो. एकाच घावात शहाळ्याचे तोंड उडवणे अजून बाबांइतके कुणाला साधत नाही, ते बघायला पर्यटक मोबाईल काढतात. व्यायाम रोज संध्याकाळी चालूच आहे. मी कॉलेजातून साडेसहाच्या गाडीने उतरतो, हातपाय धुतो आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसतो. एक हात गुडघ्याखाली, एक टाचेला. आकडे मी मोजत नाही, ते मोजतात. कधी वीसपर्यंत जातात, कधी अकरालाच थांबतात. थांबले की मी पाय खाली ठेवतो.